चौथ्या मालकास

आधी वाईट तेवढं सांगून टाकते.
मागच्या उजव्या दाराची काच खाली सरकते,
ती दोन तळव्यांत धरून वर ओढावी लागते,
भाजलेला पापड उचलतात तशी, जपून.
बेलापूरला पारसिकच्या चढावर एसी बंद करा,
दोन कामं एकदम जमत नाहीत तिला.
हॉर्न वाजतो, पण आधी विचार करतो.
तिचं नाव तुम्हाला ठाऊक आहेच,
नाहीतर अठ्ठावीस हजारांत आली नसती.

पुढच्या खणात शंभर पानी वही आहे. टाकू नका.

पहिले उन्नीकृष्णन, नेरूळ, बँकेतून निवृत्त.
पान एक, लाल शाई : किलोमीटर सात, नारळ एक, लिंबं चार.
पंधरा दिवसांनी त्याच सुबक अक्षरात :
लिफ्टमध्ये कुणी म्हणालं, ही साबणावर फुकट मिळते ना?
पुढे सहा वर्षं पेट्रोलचा हिशोब, पैशांसकट.
समासात एकदाच :
आज कमलम पुढच्या सीटवर झोपली. घाट कळलाही नाही.
मग दर मंगळवारी, हॉस्पिटल, जाऊन-येऊन अकरा.
हॉस्पिटल, जाऊन-येऊन अकरा.
मग एक मंगळवार कोरा,
आणि त्याच महिन्यात गाडी विकलेली.

दुसरा योगेश मढवी, दिवाळे गाव.
त्याला लिहायचा कंटाळा. वहीत नुसते मेकॅनिकांचे नंबर
आणि बर्फाच्या लाद्यांचा हिशोब.
कोलंबीचा वास उन्हात अजून येतो, नाही म्हणणार नाही.
कंपनीचं चिन्ह त्यानेच उपटलं,
दोन भोकं राहिली, वर आई एकवीरेचा स्टिकर.
मुलगी बघायला गेला तेव्हा
गाडी दोन बिल्डिंगी अलीकडे लावून चालत गेला म्हणे.
लग्न जमलं.
नवरी ह्याच गाडीतून आली,
गावाच्या तोंडाशी बंद पडली तेव्हा
खाली उतरून, शालू खोचून, तिनेच पहिला धक्का दिला.
हे वहीत नाही. विकताना त्याने सांगितलं, हसत,
आणि बॉनेटवर दोनदा थापटलं.

तिसरी मी. ऐरोली.
बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, हिच्यावरच.
शिरवण्याचा शमीम तिला शिव्या देतो,
पत्रा हलका म्हणून,
आणि हलकी म्हणूनच एकटा ढकलत आत नेतो.
कंपनीने मॉडेल बंद केलं त्या वर्षी
आरसा तुर्भ्याच्या भंगारातून आणला.
'सगळ्यांची गाडी' म्हणायचे जाहिरातीत.
सगळ्यांना, झालं काय,
सगळ्यांची नको होती.

सोसायटीच्या सभेत कारखानीस म्हणाले,
गेटसमोर जरा बऱ्या गाड्या असाव्यात,
आणि माझ्याकडे बघितलं नाही.
मी मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी लावू लागले.
मार्चमध्ये रात्री दोनला बेल वाजली.
त्यांच्या आईला श्वास लागेना,
त्यांच्या मोठ्या गाडीचं दार उघडेना,
किल्लीतला सेल संपलेला.
ऐरोली ते वाशी
कारखानीस मागे बसले होते,
एका मांडीवर आईचं डोकं,
आणि काच घसरू नये म्हणून
दोन्ही तळवे वर, आरती घेतल्यासारखे.
आजी बऱ्या आहेत.
पुढच्या सभेत ते म्हणाले, नियम तो नियम,
आणि ह्या वेळी माझ्याकडे बघितलं.

मी का विकते, हे तुम्ही विचारलं नाहीत.
भाऊबिजेला मीही ती
भावाच्या घरापासून दोन बिल्डिंगी अलीकडे लावली होती.
योगेशची गोष्ट ऐकून हसलेली मी.
आता हप्त्यांवर नवी घेतली आहे.
तिच्या खणात माहितीपुस्तक आहे, चारशे पानी,
त्यात कुणी झोपलेलं नाही.

बॅटरी एप्रिलमध्ये बदलली.
स्टेपनीत हवा भरून घ्या.
वहीत एकतीस पानं शिल्लक आहेत.
पेन चाललं नाही तर
तळव्यावर घासा थोडं.